सपाट हप्त्याचं गणित: सरासरी काढली तर १ कोटी २७ लाख जास्त का उरतात?

चौथी_सीट | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

एमएस्सी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या सत्रात मी जीवन विम्याचं गणित हा ऐच्छिक विषय घेतला. घेताना वाटलं, संभाव्यता येते, चक्रवाढ व्याज येतं, मग राहिलं काय? अंतर्गत परीक्षेत २० पैकी ६ पडल्यावर कळलं की दोन्ही वेगवेगळं येणं आणि दोन्ही एकत्र येणं यात ऐरोली ते ठाणे एवढं अंतर आहे. म्हणजे नकाशात जवळ, सकाळी साडेआठला लांब.

सरांनी दिलेलं उदाहरण असं. एकाच वयाची १,००,००० माणसं. प्रत्येकाने ३ वर्षांचा मुदत विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे, नाहीतर काही नाही) घेतला, रक्कम १० लाख. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला, दावा वर्षाच्या शेवटी. व्याज ६ टक्के, खर्च शून्य. पहिल्या वर्षी १०० माणसं जातात, दुसऱ्या वर्षी २००, तिसऱ्या वर्षी ३००. तिन्ही वर्षं हप्ता सारखाच हवा. किती?

मी काय केलं: दर वर्षाचा हप्ता सुटा काढला. पहिल्या वर्षी लाखात १०० जाणार, म्हणजे माणशी १००० रुपये, वर्षभराचं व्याज वजा करून ९४३.४०. तसाच दुसऱ्या वर्षी ९९,९०० माणसांवर १८८८.६८ आणि तिसऱ्या वर्षी ९९,७०० माणसांवर २८३८.७०. तिघांची सरासरी १८९०.२६. झालं की!

नाही झालं. सर म्हणाले, "ताळेबंद मांड, कळेल." एक्सेलमध्ये मांडला. हप्ते जमा, व्याज जमा, दावे वजा. तीन वर्षांनी सगळे दावे देऊन १,२७,१६,६७२ रुपये शिल्लक! खर्च शून्य, नफा शून्य म्हटलं होतं, मग हे सव्वा कोटी आले कुठून? सूत्र पुस्तकात आहे, ते लावलं की उत्तर बरोबर येतं. पण माझी सरासरी चूक का, हे काही केल्या डोक्यात शिरत नाहीये.

आणखी एक प्रश्न आहे, पण तो घरचा आहे. आधी हा सुटू दे.

अवांतर_बाबू | रविवार, रात्री १०.५२

३ वर्षांत ६०० माणसं मारलीस आणि वर सव्वा कोटी खिशात. तुला विमा कंपनी नाही, वेब सिरीज काढायला पाहिजे.

पॉलिसीवाला | रविवार, रात्री ११.०५

२२ वर्षं एजंट आहे, डोंबिवली ते मुंब्रा सगळी गिऱ्हाइकं. हप्ता कसा काढतात ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही. वय टाका, मुदत टाका, अ‍ॅपमध्ये आकडा येतो. आधी दरपुस्तिका असायची. बसतो वाचत.

नौपाडाकर | सोमवार, सकाळी ६.१५

मी एलआयसीच्या मुख्य कार्यालयात, योगक्षेममध्ये, अ‍ॅक्च्युरिअल विभागात, म्हणजे विम्याचे हप्ते आणि निधी यांचं गणित करणाऱ्या विभागात, नोकरी केली. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, चूकभूल द्यावी घ्यावी.

बाळ, तुला उत्तर सांगत नाही, एक प्रश्न विचारतो. सरासरी काढताना तू तिन्ही वर्षांना सारखंच वजन दिलंस. पहिल्या वर्षीचा एक रुपया हप्ता आणि तिसऱ्या वर्षीचा एक रुपया हप्ता, या दोहोंतून कंपनीच्या हातात आजच्या हिशेबाने सारखेच पैसे पडतात का?

चौथी_सीट | सोमवार, सकाळी ८.५०

काका, ठाण्याला दहा नंबरवर उभा राहून लिहितोय. तिसऱ्या वर्षी भरणारी माणसं ३०० ने कमी, एवढंच ना? लाखात तीनशे. तेवढ्याने सव्वा कोटीचा फरक पडेल?

घोडबंदरकरीण | सोमवार, दुपारी १.२०

नौपाडाकर काकांच्या मध्ये बोलतेय, माफी असावी. मी एका जीवन विमा कंपनीत आहे, हेच काम करते. जेवणाच्या सुट्टीत तुझा हिशेब करून बघितला.

तू फक्त माणसं बघितलीस, व्याज विसरलास. तिसऱ्या वर्षीचा हप्ता येईपर्यंत दोन वर्षं जातात, त्याची आजची किंमत रुपयाला ८९ पैसे. म्हणून वजनं अशी घे: पहिल्या वर्षाला १,००,०००. दुसऱ्याला ९९,९०० गुणिले ०.९४३४, म्हणजे ९४,२४५. तिसऱ्याला ९९,७०० गुणिले ०.८९, म्हणजे ८८,७३३. आता तुझ्याच त्या तीन सुट्या हप्त्यांची भारित सरासरी काढ. १८५२.५३ येईल. पुस्तकातलं सूत्रही हेच उत्तर देतं, कारण सूत्र म्हणजे हीच भारित सरासरी आहे. वरच्या ओळीत दाव्यांची आजची किंमत, खालच्या ओळीत एक रुपया हप्त्याची आजची किंमत.

तुझ्या १८९०.२६ पासून इथपर्यंत ३७ रुपये ७३ पैसे उतरले. त्यातले ३६.७९ नुसत्या व्याजाचे आणि उरलेले ९४ पैसे माणसं कमी झाल्याचे. तेव्हा तीनशे माणसांबद्दल तुझी शंका रास्त होती. पण हेच पेन्शनच्या वयाला, ऐंशीच्या पुढे करून बघ. तिथे माणसांचं वजन व्याजाच्या वरताण होतं.

एक बारीक खोच. सरांचे आकडे १००, २००, ३०० असे बेरजेने चढतात. खऱ्या आयुष्यात प्रौढ वयातला मृत्युदर साधारण गुणाकाराने चढतो, दर वर्षी आदल्या वर्षाच्या ठरावीक पटीत. बेंजामिन गॉम्पर्ट्झने १८२५ साली हे मांडलं. ज्यू असल्यामुळे त्याला विद्यापीठाचं दार बंद होतं, घरीच शिकला. आपण मात्र विद्यापीठात बसून त्याच्या नावाचं सूत्र चुकवतो.

चौथी_सीट | सोमवार, रात्री ९.३०

ताई!! भारित सरासरी! दुसऱ्या वर्षापासून शिकतोय हा शब्द आणि इथे ओळखता आला नाही. करून बघितलं, १८५२.५३ च आलं. आईला दाखवलं, ती म्हणाली जेव आधी.

नौपाडाकर | मंगळवार, सकाळी ६.०५

घोडबंदरकरीण यांनी सांगितलेल्या १,००,०००, ९४,२४५, ८८,७३३ या तीन आकड्यांना आमच्या वेळी नाव होतं. डी-एक्स. हयात माणसं गुणिले सूट, म्हणजे पुढच्या रुपयाची आजची किंमत. त्यांची खालून बेरीज करत आलात की एन-एक्स. दाव्यांचे तसेच सी आणि एम. या रकान्यांची छापील पुस्तकं असायची, प्रत्येक व्याजदराला वेगळी. हप्ता काढायचा म्हणजे दोन पानं उघडायची, दोन वजाबाक्या आणि एक भागाकार.

भागाकार फॅसिट यंत्रावर. हँडल उलटं फिरवायचं, एक फेरा जास्त झाला की टिंग वाजायचं, मग एक फेरा मागे घ्यायचा आणि खटका एक घर सरकवायचा. दुपारी तीनच्या सुमारास अख्ख्या विभागात टिंग, टिंग. अजून कानात आहे. आता एक्सेल आल्यावर रकाने गेले, ते ठीकच. पण डी-एक्स हाताने लिहिला असतास तर वजनं विसरला नसतास, एवढं मात्र म्हणेन.

सपाट हप्त्याची गोष्टही मोठी गमतीची आहे. लंडनमध्ये जेम्स डॉडसन नावाचा गणिताचा शिक्षक होता. तिथल्या अ‍ॅमिकेबल नावाच्या विमा संस्थेने त्याला पंचेचाळिशी उलटली म्हणून घ्यायला नकार दिला. तिथे सगळ्या वयांना एकच वर्गणी, मग म्हाताऱ्यांना कोण घेणार? डॉडसनने बसून हिशेब केला की वयानुसार योग्य तो हप्ता लावला आणि तो शेवटपर्यंत तेवढाच ठेवला तर कुणालाही घेता येईल. तो १७५७ मध्ये वारला. त्याच्या हिशेबावर उभी राहिलेली इक्विटेबल सोसायटी १७६२ मध्ये निघाली. अ‍ॅक्च्युअरी हे पदनामही तिथलंच. ज्याने मांडलं त्याला काही पॉलिसी मिळाली नाही.

आणि मृत्यूंचे आकडे? एडमंड हॅली, धूमकेतूवाला. ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून त्याने १६९३ मध्ये सारणी मांडली. तू वापरतोस त्या एल-एक्स रकान्याचा, म्हणजे हयात माणसांच्या रकान्याचा, पणजोबा.

अवांतर_बाबू | मंगळवार, सकाळी ९.१०

काकांचा प्रतिसाद सकाळी ६.०५ चा. तलावपाळीला फेरी मारायच्या आधी की नंतर?

नौपाडाकर | मंगळवार, सकाळी ९.४०

नंतर.

हिरवा_चाफा | मंगळवार, दुपारी ३.००

धागा छान चाललाय, पण माझा प्रश्न साधा आहे. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगी बारावीला, गणित आवडतं, इंजिनिअरिंग नको म्हणते. हे करायचं तर पुढे कसं?

घोडबंदरकरीण | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

बारावीनंतर एसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यायची. ती झाली की इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची विद्यार्थी सदस्य होता येतं. २००६ च्या अ‍ॅक्च्युअरीज कायद्याने ही संस्था चालते आणि तिचं कार्यालय तुमच्यापासून लांब नाही, सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावरच्या टॉवरमध्ये. पुढे पेपर एकेक करत जायचे. मी दिले तेव्हा फेलोशिपपर्यंत, म्हणजे या विषयाची शेवटची पदवी मिळेपर्यंत, डझनाच्या वर होते. त्यातला सीएम१ म्हणजे या धाग्यात चाललंय ते. एक भाग लेखी, एक भाग एक्सेलमध्ये.

पदवी सोडू नये, संख्याशास्त्र किंवा गणितात करावी. मुलगी हुशार आहे म्हणून चार वर्षांत उरकेल असं गृहीत धरू नका, नोकरी सांभाळून बहुतेकांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मी सीएम१ चा जुना अवतार तिसऱ्या खेपेला सोडवला. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "अजून शिकतेयस?" आणि मुलगा शाळेत जायला लागला तेव्हाही तेच विचारलं.

चौथी_सीट | मंगळवार, रात्री १०.२०

आता पुढचं. १८५२.५३ घेऊन ताळेबंद पुन्हा मांडला. पहिल्या वर्षी जमा १८ कोटी ५२ लाख ५३ हजार. व्याजासकट १९ कोटी ६३ लाख ६८ हजार. दावे १० कोटी. वर्षाअखेर हातात ९,६३,६८,१८०.

जवळपास निम्मे उरले! म्हणजे पहिल्या वर्षी कंपनीला घसघशीत नफा झाला असंच दिसतं ना? सर म्हणतात, याला रिझर्व्ह म्हणतात, हा नफा नाही. शब्द पाठ आहे. पण पैसे तर आहेत की तिजोरीत.

आणि इथेच माझा घरचा प्रश्न येतो. बाबांनी लॉकडाऊनच्या आधी एक एन्डॉवमेंट पॉलिसी (विमा अधिक बचत) घेतली होती. एक वर्षाचा हप्ता भरला, मग त्यांचं काम बंद पडलं, पुढचा भरता आला नाही. चौकशी केली तेव्हा सांगितलं, काही मिळणार नाही. शून्य. बाबा अजून म्हणतात, "मी मेलो नाही, मी पैसे परत मागितले नाहीत, मग माझा हप्ता गेला कुठे?" खरं सांगायचं तर हा विषय मी त्यामुळेच घेतला. माझ्या तक्त्यात तर पहिल्या वर्षाअखेर माणशी ९६४.६५ रुपये शिल्लक दिसतायत.

सेक्टर_पन्नास | बुधवार, सकाळी ७.४५

मला विम्यातलं कळत नाही, पण हा रिझर्व्ह मी रोज भोगतो. नेरूळला आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. सिंकिंग फंड म्हणून बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दर वर्षी बाजूला काढावा लागतो. गेल्या वार्षिक सभेत दोन नंबर विंगचे एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, बँकेत एवढे लाख पडलेत, मेंटेनन्स कसला वाढवता, या वर्षी मेंटेनन्सच माफ करा. निम्म्या सभेने टाळ्या वाजवल्या.

मी एवढंच विचारलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि लिफ्ट बदलणं याचं कोटेशन कुणी वाचलंय का? पैसे दिसतात, कारण ते पासबुकात आहेत. गळती दिसत नाही, कारण ती पुढच्या पावसात आहे.

घोडबंदरकरीण | बुधवार, दुपारी १.३०

सेक्रेटरीसाहेब, आमच्या प्रशिक्षणात तुम्हाला बोलवायला हवं.

चौथी_सीट, हेच आकड्यांत बघ. पहिल्या वर्षाअखेर ९९,९०० माणसं उरली. त्यांना पुढच्या दोन वर्षांत द्यायच्या दाव्यांची त्या दिवशीची किंमत माणशी ४५६१.३४. त्यांच्याकडून येणाऱ्या दोन हप्त्यांची किंमत माणशी ३५९६.७०. देणं जास्त, येणं कमी. तूट ९६४.६४. तुझ्या तिजोरीत माणशी किती होते? ९६४.६५. तो एक पैसा हप्ता गोल केल्यामुळे.

मागे वळून हिशेब केला तरी तेवढाच आणि पुढे बघून केला तरी तेवढाच. परीक्षेत हे दोन्ही बाजूंनी लिहायला सांगतात, पोरं दोन वेगळी सूत्रं म्हणून पाठ करतात. एकच वस्तू आहे ती. पहिल्या वर्षी खरी किंमत ९४३.४० असताना माणूस १८५२.५३ भरतो. तिसऱ्या वर्षी खरी किंमत २८३८.७० असते तेव्हाही तो १८५२.५३ च भरतो. आधी भरलेलं जास्तीचं नंतर त्याच्याच कामी येतं. कंपनीने पहिल्या वर्षी ते नफा म्हणून वाटून टाकलं, तर तिसऱ्या वर्षी ३० कोटी आणणार कुठून?

नौपाडाकर | बुधवार, दुपारी ४.१०

वाटून टाकणारे होऊन गेले आहेत. १९५६ च्या आधी इथे दोनशेच्या वर विमा कंपन्या होत्या, पाणबुडीसारख्या. मधूनच वर यायच्या, मधूनच बुडायच्या. काही मालक विमाधारकांचा निधी आपलाच गल्ला समजून स्वतःच्या दुसऱ्या धंद्यात घालत. राष्ट्रीयीकरणामागचं ते एक मोठं कारण. जानेवारी १९५६ मध्ये वटहुकूम निघाला तेव्हा अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते. १ सप्टेंबरला २४५ विमा संस्था मिळून एलआयसी झाली. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या जुन्या कंपन्यांच्या पॉलिसी अजून चालू होत्या, प्रत्येकीची नोंदवही वेगळ्या वळणाची.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. तुझ्या सरांनी एक गोष्ट शून्य धरली होती. ती कोणती, ते शोध. तुझं उदाहरण मुदत विम्याचं, वडिलांची पॉलिसी एन्डॉवमेंट. तिथे बचतही असते, निधी मुदतीअखेर पूर्ण विमा रकमेपर्यंत चढतो. पण पहिल्या वर्षीचा खड्डा दोन्हीकडे सारखाच. ऑगस्ट झिलमर या जर्मन माणसाने १८६३ मध्ये या खड्ड्याचं गणित मांडलं, आजही त्याच्या नावाने शिकवतात.

पॉलिसीवाला | बुधवार, रात्री ८.००

काका नाव घेत नाहीत, मीच घेतो. खर्च. म्हणजे आम्ही. पहिल्या वर्षीचं कमिशन पुढच्या वर्षांपेक्षा बरंच जास्त असतं. शिवाय वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं, शाखेचा खर्च. सगळं पहिल्या वर्षातच.

आता शिव्या घालायच्या तर घाला. पण दहा दारं वाजवल्यावर एक उघडतं, त्या नऊ दारांचे पैसे कुणी देत नाही. आणि हेही कबूल करतो की आमच्यात असे आहेत, ज्यांना पहिला हप्ता फाटला की दुसऱ्याशी देणंघेणं नसतं. तुझ्या बाबांना पॉलिसी देताना "मध्ये सोडली तर काय" हे कुणी सांगितलं होतं का?

चौथी_सीट | बुधवार, रात्री ८.२०

नाही. ओळखीचेच होते, सोसायटीतले. आता दिसले की जिन्याने जातात.

घोडबंदरकरीण | बुधवार, रात्री १०.४५

मध्ये सोडणाऱ्याचं काय, हा प्रश्न फार जुना आहे. एलायझर राइट नावाचा अमेरिकन गणिती १८४४ मध्ये लंडनला गेला होता. तिथे रॉयल एक्स्चेंजमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसींचा लिलाव चाललेला त्याने पाहिला. हप्ता झेपेना, कंपनी परत घेईना, मग दुसऱ्याला विकायची. घेणारा हप्ते भरणार आणि म्हातारा लवकर जाण्याची वाट बघणार. राइटला गुलामांचा बाजार आठवला. तो गुलामगिरीविरोधी चळवळीतलाच माणूस. मायदेशी येऊन मागे लागला. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५८ मध्ये कंपन्यांना पुरेसा रिझर्व्ह ठेवायला लावणारा कायदा झाला आणि १८६१ मध्ये पॉलिसी मध्येच सोडली तरी विमाधारकाचा हक्क पूर्ण बुडू नये असा.

आपल्याकडे पूर्वी पारंपरिक पॉलिसीत एकच वर्ष भरून सोडलं तर हाती काही येत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलले. आता पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरला असेल तर वर्ष संपल्यावर विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, देणं आलं. बाबांची पॉलिसी त्याआधीची, त्यांना उपयोग नाही. वाईट वाटतं लिहिताना.

तक्त्यात खर्चाचा रकाना घाल. आकडे तुझे तू धर, आणि बघ.

अवांतर_बाबू | गुरुवार, सकाळी १०.००

मी पण एक्सेल उघडलं. तिसऱ्या वर्षाअखेर ४८३ रुपये उरतात माझे. शून्य यायला हवं ना? की मामलेदारची मिसळ खाऊ एवढ्यात चौघं?

नौपाडाकर | गुरुवार, सकाळी १०.३०

आश्चर्य आहे, तुम्ही हिशेब केलात! हप्ता पैशापर्यंत गोल केलात म्हणून. पुढचे चार दशांश घ्या, शून्य होईल. लाख माणसांवर तीन वर्षांत ४८३ रुपये म्हणजे काहीच नाही, पण कुठून आले हे सांगता यायला हवं. आमचे साहेब सही करण्याआधी तेवढंच विचारायचे.

चौथी_सीट | शुक्रवार, रात्री ११.५०

रकाना घातला. आकडे माझ्या मनचे, कुठल्या कंपनीचे नाहीत: पहिल्या वर्षी माणशी खर्च १५००, नंतर दर वर्षी १००. खर्चाची आजची किंमत काढून त्याच वजनांनी भागली, ५९४.७४ आले. हप्ता झाला २४४७.२७.

आता पहिलं वर्ष. जमा २४ कोटी ४७ लाख २७ हजार. त्यातले १५ कोटी खर्चात गेले, दारातच. उरलेल्या ९ कोटी ४७ लाख २७ हजारांवर व्याज धरून १० कोटी ४ लाख १० हजार ६२०. दावे १० कोटी. शिल्लक ४,१०,६२०. म्हणजे हयात असलेल्या प्रत्येकामागे ४ रुपये ११ पैसे.

खर्चाआधी ९६४ होते, आता ४. मी आकडा तीनदा तपासला.

बाबा टीव्ही बघत होते, त्यांना लॅपटॉप नेऊन दाखवला. आधी वजनं, सूट वगैरे सांगायला लागलो तर म्हणाले, शेवटची ओळ दाखव. सांगितलं, बघा, यांनी कुठे लपवलेले नाहीत, पहिल्या वर्षाअखेर गिऱ्हाइकाच्या नावावर ४ रुपये ११ पैसेच होते. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "मग ते तरी द्यायचे."

पॉलिसीवाला | शनिवार, सकाळी ७.३०

बाबांना घेऊन ये एकदा ठाणे स्टेशनला. चहा पाजतो. ४.११ मध्ये बसणार नाही, वरचे मी घालतो.